पाच टक्यांचं दही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गेल्या पावसाळ्यात माझ्या नातीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. वय सात वर्षं आणि हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांनी लोहाचं पातळ औषध लिहून दिलं. त्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला की पोरगी पलंगाखाली शिरायची. शेवटी सूनबाईंनी दुकानातून दह्याचे छोटे कप आणले. झाकणावर हसरं कार्टून आणि खाली मुंगीच्या अक्षरात जीवनसत्त्वांची, खनिजांची यादी. नातीने कप चाटूनपुसून साफ केला. मी चष्मा लावून ती यादी वाचली आणि प्रश्न पडला, दह्यात हे सगळं घालायला कुणी आणि कधी सुरुवात केली?

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. शास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबर संपला. पण प्रश्न घरातला होता, म्हणून वाचत गेलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आमच्या लहानपणी दही विकत आणायची पद्धत नव्हती. अम्मी रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालायची आणि भांडं चुलीच्या उबेला ठेवायची. कधी विरजण संपलं तर मला वाटी देऊन शेजारच्या काकूंकडे पिटाळायची, पण दिवेलागणीच्या आत. तिन्हीसांजेनंतर काकू विरजण देत नसत. त्यांचं विरजण आमच्या घरी, आमचं कधी त्यांच्या घरी, असं ते दोन घरांत फिरत असे. त्या चमच्यात काहीतरी जिवंत असतं, ते उबेत वाढतं आणि जास्त तापलं तर मरतं, हे त्या दोघींना पक्कं ठाऊक होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं.

नाव शोधलं स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने, १९०५ मध्ये. तो जिनिव्हात वैद्यक शिकत होता. घरून आणलेलं दही त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातला काडीसारखा जिवाणू वेगळा केला. त्याला पुढे बल्गेरियाचंच नाव मिळालं. परदेशात शिकणाऱ्या पोराने घरच्या दह्याचं मडकं बरोबर न्यावं आणि तेच पुढे शास्त्रात जावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. वसतिगृहात लोणच्याची बरणी नेलेल्या कुणालाही वाटेल.

त्या शोधाची वाट पॅरिसमध्ये एक मोठा माणूस पाहत होता. एली मेच्निकॉफ, जन्म १८४५, गाव खार्किव्हजवळचं. या माणसाची गोष्ट दह्यापेक्षाही मोठी आहे. पहिली बायको क्षयाने गेली तेव्हा त्याने विष घेतलं, वाचला. काही वर्षांनी स्वतःला तापाचे जंतू टोचून घेतले, तरीही वाचला. मग १८८२ मध्ये इटलीतल्या मेस्सिनाला समुद्रकाठच्या घरात त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले आणि सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी वेढा घातलेला. शरीरातल्या काही पेशी परक्याला गिळायला धावतात, हा तो शोध. त्यासाठी १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासह त्याला नोबेल मिळालं. दोनदा मरायला निघालेला हा माणूस उतारवयात एकाच प्रश्नाच्या मागे लागला, माणूस म्हातारा का होतो?

त्याचं उत्तर असं होतं की मोठ्या आतड्यात अन्न सडवणारे जंतू असतात, त्यांचं विष रक्तात भिनतं आणि शरीर झिजतं. दह्यातले जंतू आम्ल तयार करतात, आम्लात सडवणारे जंतू वाढत नाहीत. म्हणून दही खावं. बल्गेरियातले शेतकरी दही खातात आणि खूप जगतात, हा त्याचा दाखला. १९०४ मध्ये पॅरिसला त्याने म्हातारपणावर व्याख्यान दिलं आणि वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं. १९०७ मध्ये त्याचं आयुष्य वाढवण्यावरचं पुस्तक आलं. औषधांच्या दुकानांत दह्याच्या जंतूंच्या गोळ्या मिळू लागल्या. दही स्वयंपाकघरातून उठून औषधाच्या कपाटात गेलं ते तेव्हापासून.

पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकेत तपासून पाहिलं, तर तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही असं आढळलं. येतो आणि जातो. स्वतः मेच्निकॉफ रोज आंबवलेलं दूध पीत असे. १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी तो गेला. कुणी म्हणेल, मग दह्याने काय केलं? मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. आतड्यातल्या जंतूंचा आणि तब्येतीचा संबंध असतो, ही त्याची मूळ शंका आज हजारो प्रयोगशाळांत तपासली जाते आहे. चुकला तो दाखल्यात आणि घाईत.

त्याच सुमाराला दुसरीकडे दह्याचं दुकान उघडलं. आयझॅक कारासो हे सलोनिका शहरातल्या ज्यू कुटुंबातले. सलोनिका तेव्हा उस्मानी साम्राज्यात होतं. तिथल्या ज्यूंचे पूर्वज १४९२ मध्ये स्पेनने हाकललेले, आणि चारशे वर्षांनंतरही त्यांच्या घरात जुनी स्पॅनिश भाषा बोलली जायची. भाषा अशी जपून ठेवणाऱ्यांबद्दल मला वेगळी आपुलकी वाटते, त्याचं कारण तुम्ही ओळखालच. बाल्कन युद्धांच्या धामधुमीत कारासो कुटुंब बार्सिलोनाला आलं, म्हणजे हाकललेल्या देशातच परतलं. तिथली मुलं पोटाच्या विकारांनी आजारी पडत होती. कारासोंना आपल्या गावाकडचं दही आठवलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे मेच्निकॉफच्याच संस्थेतून, त्यांनी विरजण मागवलं आणि १९१९ मध्ये दही करून औषधांच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली. मुलाचं नाव डॅनिएल, घरात लाडाने डॅनॉन. तेच नाव कंपनीला दिलं, दानोन.

हा डॅनिएल २००९ मध्ये वारला, वयाच्या एकशेतिसाव्या नव्हे, एकशेतिनाव्या वर्षी. आकडा वाचताना मीही अडखळलो. मेच्निकॉफच्या हातून जे निसटलं ते दह्याच्या व्यापाऱ्याच्या वाट्याला आलं. एका माणसावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं, तरी मौज वाटली. दुसऱ्या महायुद्धात डॅनिएल न्यूयॉर्कला गेला. तिथल्या लोकांना दही आंबट लागायचं, म्हणून १९४७ मध्ये त्यांनी कपाच्या तळाशी स्ट्रॉबेरीचा मुरांबा घातला. खप वाढला. औषधाच्या दुकानातलं दही अशा रीतीने गोड खाऊ झालं.

जपानमध्ये क्योटोच्या विद्यापीठात मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये पोटातल्या आम्लातूनही जिवंत खाली उतरेल असा जिवाणू वाढवला. १९३५ मध्ये त्यांचं आंबवलेल्या दुधाचं पेय बाजारात आलं, याकुल्ट. नाव एस्पेरांतो भाषेतल्या दह्याच्या शब्दावरून. जगाची एकच भाषा व्हावी म्हणून रचलेल्या त्या भाषेचा असा उपयोग झाला! सर्वांना परवडेल अशा किमतीत ते मिळावं हा शिरोतांचा आग्रह होता. १९६३ पासून बायका घरोघरी जाऊन त्या बाटल्या पोचवू लागल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि फंक्शनल फूड, म्हणजे पोट भरण्यापलीकडे शरीराचं काही ठरावीक काम करणारं अन्न, ही कल्पनाही जपानमध्येच रुजली. १९९१ मध्ये तिथल्या सरकारने अशा पदार्थांना तपासून मान्यता द्यायला सुरुवात केली.

मान्यतेची गरज का पडावी? कारण बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं! दही पचन सुधारतं, सर्दी टाळतं, ताकद देतं, असं झाकणावर छापायला शाई लागते, पुरावा लागत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये दानोनच्याच तिथल्या कंपनीने जाहिरातीतल्या अशा दाव्यांवरून ३९ राज्यांना २.१ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. युरोपात तज्ज्ञांनी खास जिवाणूंच्या नावाने आलेले दावे एकामागून एक परत पाठवले. एक दावा मात्र टिकला. ज्यांना दूध पचत नाही त्यांना त्यातली साखर पचवायला दह्यातले जिवंत जंतू मदत करतात, एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जंतू असावेत एवढीच अट. हे जंतू कोणते? दही लावायचे नेहमीचेच दोन, त्यातला एक ग्रिगोरोव्हच्या मडक्यातला. मोठमोठी नावं लावलेले दरवाजात अडले आणि साधं विरजण आत गेलं, हे वाचून मला अम्मीची वाटी आठवली.

आता माझ्या नातीच्या कपाकडे येतो. दह्यातले जंतू ही एक गोष्ट झाली. दह्यात बाहेरून लोह, जस्त, आयोडीन, जीवनसत्त्व अ घालणं ही वेगळी गोष्ट, आणि ती दिसते तितकी सोपी नाही. दुधात कॅल्शियम भरपूर, पण लोह जवळपास नाहीच. म्हणजे दही खाऊन रक्त वाढेल ही आपली समजूत मुळात कच्ची. बाहेरून लोह घालावं तर ते दुधातल्या स्निग्धाशी भांडतं. खवट वास येतो, जिभेला गंज लागल्यासारखी चव लागते, रंग बदलतो. शिवाय दुधातलं कॅल्शियम लोहाला शरीरात शिरू देत नाही, उंबऱ्यावर अडवतं. जीवनसत्त्व अ उजेडाने आणि हवेने नासतं. म्हणून लोहाचा कोणता क्षार घ्यायचा, तो कधी घालायचा, किती घालायचा, यावर लोकांनी वर्षं घालवली आहेत. तरीही दह्याची निवड का? कारण मूल ते आवडीने खातं. माझ्या नातीने तेच सिद्ध केलं.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली बांगलादेशात, बोगरा जिल्ह्यात. आता त्याचं नाव अधिकृतपणे बोगुरा असं लिहितात. हा भाग दह्यासाठी मुळातच प्रसिद्ध. मातीच्या भांड्यात लावलेलं तिथलं गोड दही लग्नाकार्यात, पाहुण्यारावळ्यात मानाने वाढलं जातं. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तर २००५ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये दानोनचे प्रमुख फ्रांक रिबू आणि ग्रामीण बँकेचे मुहम्मद युनूस जेवायला भेटले. जेवता जेवता ठरलं की बांगलादेशातल्या गरीब मुलांसाठी पौष्टिक दही काढायचं आणि नफ्याचा हव्यास न धरता कंपनी चालवायची. २००६ मध्ये ग्रामीण दानोन कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी युनूस आणि ग्रामीण बँकेला शांततेचं नोबेल मिळालं आणि नोव्हेंबरात फुटबॉलपटू झिनेदिन झिदान या प्रकल्पासाठी बांगलादेशात येऊन गेला. २००७ च्या सुरुवातीला बोगराचा कारखाना चालू झाला. मुद्दामच छोटा ठेवलेला. दूध आसपासच्या लहान शेतकऱ्यांचं, गोडी खजुराच्या गुळाची. कपावर दंड फुगवलेला सिंह. नाव शक्ती दोई. दोई म्हणजे दही, शक्तीचा अर्थ सांगायला नको.

कप प्लास्टिकचा नको, मातीत विरघळणारा हवा, असा युनूस यांचा आग्रह होता. कपच खाता येईल असा करता येईल का, असंही त्यांनी विचारलं होतं म्हणे. कारखानदारांनी त्यावर डोक्याला हात लावला असेल, पण मला हा प्रश्न फार आवडला. गरिबाच्या घरात काही फेकायचं नसतं हे ज्याने पाहिलंय, त्यालाच तो सुचतो.

८० ग्रॅमचा कप, किंमत ५ टका. टका म्हणजे तिकडचा रुपया. आपणही लाख टक्यांचा सवाल म्हणतोच. एका कपात मुलाच्या दिवसाच्या गरजेपैकी ३० टक्के लोह, जस्त, आयोडीन आणि जीवनसत्त्व अ. विकायला शक्ती लेडीज, म्हणजे गावातल्याच बायका, कमिशनवर. घरोघरी जाऊन कप द्यायचे आणि आईला समजवायचं की हे रोज द्या, अधूनमधून देऊन उपयोग नाही.

इथे मी थोडा थांबतो, कारण मला सगळं या एका शब्दाभोवती फिरताना दिसतं. रोज. ज्या गावात दही सणाला खातात, तिथे ते औषधासारखं रोज खायचं, तेही विकत घेऊन. घरात तीन पोरं असतील तर आई एकालाच कप कशी देणार? ती चमच्याचमच्याने तिघांत वाटणार. ३० टक्क्यांचे झाले दहा-दहा. कपावर छापलेला आकडा खरा असतो, पण तो एका मुलाच्या घरापुरता. आमच्या घरी आम्ही पाच भावंडं. अम्मीने काय केलं असतं, ते मला विचारायची गरज नाही.

आणि मग दूध महागलं. २००८ मध्ये जगभर खाण्यापिण्याचे भाव चढले, तेव्हा बांगलादेशात दुधाचा भावही चढला. कंपनीला ५ टक्यांत परवडेना. कप ८ टक्यांचा झाला. तीन टक्यांनी काय होतं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. हिशेब केला तर ती ६० टक्के वाढ होती. गावातली विक्री कोसळली. विक्री गेली तशी कमिशनवर जगणाऱ्या शक्ती लेडीजनी टोपल्या खाली ठेवल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जपानमध्ये बाटली घेऊन दार वाजवणाऱ्या बाईसमोर पगारदार घर होतं. बोगरामध्ये दार उघडणारी आणि दार वाजवणारी, दोघींच्या घरात तांदूळही त्याच महिन्यात महागला होता.

कंपनीने मग कप लहान केला. ६० ग्रॅम, किंमत ६ टका. पण आतली पोषणद्रव्यं कमी केली नाहीत. तीच ३० टक्के लहान कपात बसवली, म्हणजे त्या खवट वासाशी आणि गंजक्या चवीशी पुन्हा एकदा सामना. हे काम करणाऱ्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम त्यांचंच. खर्च भागवायला कंपनी ढाक्याच्या दुकानांतही उतरली. तिथे फ्रिज होते, जास्त किंमत मोजणारे गिऱ्हाईक होते आणि जाहिरात पाहून कप उचलणाऱ्या आया होत्या. गावातल्या मुलासाठी काढलेलं दही गावात टिकावं म्हणून शहरातल्या मुलाला विकायचं, असा तो उलटा व्यवहार.

आता लाख टक्यांचा सवाल. या दह्याने फरक पडतो का? बोगरा जिल्ह्यातल्याच शेरपूर भागातल्या शाळांत त्याची नीट चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते नऊ वर्षांच्या हजारावर मुलांचे दोन गट केले. एका गटाला पोषणद्रव्यं घातलेलं दही, दुसऱ्याला साधं. कोणाला कोणतं, हे मुलांनाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्यांनाही. वर्षभराने पाहिलं तर पोषणद्रव्यं घातलेल्या दह्याच्या गटात हिमोग्लोबिन, आयोडीन आणि जीवनसत्त्व अ यांची स्थिती बरी होती. उंचीही थोडी अधिक वाढली होती, काही मिलिमीटर. हिमोग्लोबिनमधला फरक मोठा नव्हता, पण होता. म्हणजे दह्याने आपलं काम केलं.

फक्त एक बारकावा राहतो. त्या मुलांना कप शाळेत, हातात आणि फुकट मिळत होता. घरी नेऊन वाटायचा प्रश्न नव्हता, ६ टका की ८ टका हाही नव्हता. बाजारात जे दही रोजच्या परवडण्याशी झुंजत होतं, तेच शाळेत मुकाट्याने रक्तात उतरत होतं. म्हणून मला वाटतं, लोहाला कॅल्शियम जितकं अडवतं त्याहून जास्त भाव अडवतो. त्यावर प्रयोगशाळेत क्षार शोधता येत नाही. मुलांसाठी असं काही करायचं असेल, तर ते दुकानाच्या कपाटात ठेवून भागणार नाही, शाळेच्या ताटात वाढावं लागेल. हे माझं मत आहे. तज्ज्ञांचं वेगळं असू शकतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी नातीच्या डॉक्टरांना भेटलो. विचारलं, ‘‘साहेब, एवढे लोहवाले दह्याचे कप खाते, मग ती बाटली बंद करू का?’’

त्यांनी कप हातात घेऊन ती मुंगीची अक्षरं वाचली. म्हणाले, ‘‘चाचा, ज्याचं रक्त ठीक आहे त्याचं ठीक राहावं म्हणून हा कप चांगला. हिचं कमी झालेलं आहे, ते भरून काढायला बाटलीच लागेल. आणि दोन्ही एकदम देऊ नका. मध्ये दोन तास जाऊ द्या. दुधाबरोबर लोह नीट लागू पडत नाही.’’

तेव्हापासून आमच्या घरी वेळापत्रक आहे. सकाळी औषध, वर लिंबाचं सरबत. संध्याकाळी शाळेतून आली की दही. बाजारचे कप पंधरा दिवसांत बंद झाले, कारण सूनबाईंनी महिन्याचा हिशेब मांडला. आता दही घरीच लागतं. विरजण खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून आणलं. त्याही दिवेलागणीनंतर देत नाहीत.